जहाजांचा धूर आणि किनाऱ्याची हवा

मुंबई-चेन्नई लोहमार्गावरून विजापूर-गदगकडे जेथे फाटा फुटतो ते होटगी जंक्शन समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर अंतरावर आहे. येथून जवळच, फताटेवाडीच्या शिवारात, राष्ट्रीय औष्णिक विद्युत महामंडळाचे (एन.टी.पी.सी.) केंद्र असून त्यात प्रत्येकी ६६० मेगावाटचे दोन संच आहेत. पहिल्या संचाचे व्यापारी उत्पादन २०१७ मध्ये व दुसऱ्याचे २०१९ मध्ये सुरू झाले. अशा भूवेष्टित प्रदेशातील अभ्यासकांनी जहाजांच्या धुराचा विचार का करावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे एक उत्तर व्यापाराचे आहे. सोलापूरचे टॉवेल आणि डाळिंबे परदेशी जातात ती न्हावा-शेवा येथील धक्क्यावरूनच. दुसरे उत्तर शास्त्राचे आहे. होटगीचे धुराडे आणि जहाजाचे धुराडे यांना भौतिकीचे एकच नियम लागू पडतात, आणि या दोहोंची तुलना केल्यास किनाऱ्यावरील हवेचा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. तिसरे उत्तर या लेखाच्या अखेरीस येईल, कारण जहाजांच्या धुरावर आज जो उपाय सर्वांत अधिक सुचविला जातो त्याचा शेवट होटगीसारख्या ठिकाणी होण्याचा संभव आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : धूर दुसरीकडे नेणे आणि धूर नाहीसा करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हवेच्या प्रदूषणावरील उपायांची चर्चा करताना त्यांची नेहमी गल्लत होते. जहाजांच्या बाबतीत तर ही गल्लत विशेष होते, कारण जहाज स्वतःच हलते आहे.

१. इंधनाचे स्वरूप

खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनात पेट्रोल, रॉकेल, डिझेल इत्यादी हलके अंश निघून गेल्यावर तळाशी जो दाट, काळा अंश उरतो त्यापासून जहाजांचे जड इंधन तयार होते. तापविल्याशिवाय ते नळीतून वाहतही नाही. मूळ तेलातील गंधक, तसेच व्हॅनेडियम व निकेल हे धातू या उरलेल्या अंशात एकवटतात. स्वस्ताई हाच या इंधनाचा मुख्य गुण होय.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या 'मार्पोल' कराराचे सहावे परिशिष्ट जहाजांमुळे होणाऱ्या वायुप्रदूषणासंबंधी आहे. ते १९९७ मध्ये स्वीकारले गेले व १९ मे २००५ पासून अमलात आले. त्यानुसार इंधनातील गंधकाची कमाल मर्यादा प्रारंभी ४.५ टक्के होती. ती २०१२ मध्ये ३.५ टक्के आणि १ जानेवारी २०२० पासून ०.५ टक्के करण्यात आली. बाल्टिक समुद्र, उत्तर समुद्र, उत्तर अमेरिकेचा किनारा अशा विशेष नियंत्रित क्षेत्रांत २०१५ पासून ०.१ टक्के ही मर्यादा आहे, आणि १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रही त्यात समाविष्ट झाला आहे. भारतालगतचा समुद्र अशा क्षेत्रात मोडत नाही.

०.५ टक्के हा आकडा लहान भासतो, परंतु तो दशलक्षांश मापाने मांडला म्हणजे त्याचे खरे रूप कळते. १ एप्रिल २०२० पासून भारतातील रस्त्यांवरील डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत दहा भागांहून अधिक असू नये असा नियम झाला. जहाजाच्या इंधनात ते आजही पाच हजार भागांपर्यंत असू शकते. म्हणजे सुधारणेनंतरही हे प्रमाण पाचशेपट आहे. सुधारणेपूर्वीच्या मर्यादेने ते साडेतीन हजारपट होते.

२. धुरातील घटक

जहाजाच्या धुरात आरोग्याच्या दृष्टीने तीन घटक महत्त्वाचे आहेत. पहिला, सल्फर डायऑक्साइड. तो इंधनातील गंधकापासून निर्माण होतो आणि गंधकाच्या प्रमाणातच घटतो वा वाढतो. दुसरा, नायट्रोजनची ऑक्साइडे. ही इंधनापेक्षा ज्वलनाच्या उच्च तापमानामुळे, हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगाने बनतात. म्हणून इंधन बदलले तरी ती फारशी कमी होत नाहीत. तिसरा, काजळी, धातूंची राख आणि सल्फेट मिळून बनणारे अतिसूक्ष्म कण. हे फुप्फुसात खोलवर पोचतात.

नायट्रोजनच्या ऑक्साइडांबाबतचे नियम सौम्य आहेत. मंदगती मुख्य एंजिनांसाठी २००० नंतरच्या जहाजांना किलोवाट-तासास १७ ग्रॅम आणि २०११ नंतरच्या जहाजांना १४.४ ग्रॅम अशी मर्यादा आहे. ३.४ ग्रॅमची कडक मर्यादा फक्त विशेष नियंत्रित क्षेत्रांत फिरणाऱ्या नव्या जहाजांना लागू होते. रस्त्यावरील अवजड डिझेल वाहनांस भारतात २०२० पासून लागू असलेली मर्यादा किलोवाट-तासास अर्ध्या ग्रॅमहूनही कमी आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

३. धक्क्यावर उभे असलेले जहाज : एक स्थूल गणित

जहाज समुद्रात असताना त्याचे मुख्य एंजिन चालू असते. धक्क्याला लागल्यावर ते बंद होते खरे, तथापि दिवाबत्ती, पंप, शीतपेट्यांतील माल आणि खलाशांच्या गरजा यांकरिता साहाय्यक एंजिने अहोरात्र चालतात. उदाहरणार्थ, एका मध्यम मालवाहू जहाजास धक्क्यावर सरासरी दीड मेगावाट वीज लागते असे धरू. चोवीस तासांत ही ३६,००० किलोवाट-तास होते. किलोवाट-तासास २२० ग्रॅम इंधन धरले तर दिवसाला सुमारे ८ टन इंधन जळते.

या इंधनात ०.५ टक्के गंधक असल्यास ४० किलो गंधक जळून ८० किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. ३.५ टक्क्यांच्या जुन्या मर्यादेने हाच आकडा ५६० किलो येतो, तर ०.१ टक्क्याच्या मर्यादेने तो केवळ १६ किलो होतो. साहाय्यक एंजिनांतून किलोवाट-तासास १० ग्रॅम नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात असे मानल्यास दिवसाला ३६० किलो ऑक्साइडे हवेत मिसळतात. म्हणजे २०२० पूर्वी गंधकाचा वाटा मोठा होता. आता नायट्रोजनचा वाटा त्याच्या साडेचारपट झाला आहे. रोग्याचा ताप उतरला, पण दुखण्याचे ठिकाण बदलले, असे याचे वर्णन करता येईल.

आता होटगीच्या आकाराच्या केंद्राचा विचार करू. १,३२० मेगावाट क्षमता पूर्ण वेळ वापरली आणि किलोवाट-तासास ०.६५ किलो कोळसा लागला, तर दिवसाला सुमारे वीस हजार टन कोळसा जळतो. भारतीय कोळशात गंधकाचे प्रमाण कमी असते. ते ०.४ टक्के धरले आणि धुरातील गंधक काढून टाकण्याची सोय नाही असे मानले, तर सुमारे १६० टन सल्फर डायऑक्साइड दिवसाला बाहेर पडेल. केवळ वजनाच्या तराजूत पाहिले तर असे एक केंद्र आजच्या दोन हजार जहाजांबरोबर आहे. मग जहाजांचा बाऊ कशासाठी, असे कोणी म्हणेल.

४. उंचीचा नियम

या प्रश्नाचे उत्तर धुराड्याच्या उंचीत आहे. उंच धुराड्यातून निघालेला धूर जमिनीवर किती दाट पोचतो याचे गणित १९३६ मध्ये बोसान्क्वेट व पिअर्सन यांनी मांडले. पुढे सटन यांनी आणि १९६१ मध्ये पास्क्विल यांनी ते अधिक विकसित केले. त्याचे सार असे की, जमिनीलगतची कमाल घनता धुराच्या मात्रेच्या सम प्रमाणात, वाऱ्याच्या वेगाच्या व्यस्त प्रमाणात आणि धुराच्या परिणामी उंचीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. परिणामी उंची म्हणजे धुराड्याची उंची अधिक उष्णतेमुळे धूर जितका आणखी वर चढतो ती उंची.

भारतात ५०० मेगावाट व त्याहून मोठ्या संचांना २७५ मीटर उंचीचे धुराडे असावे असा नियम दीर्घकाळ होता. त्यातून निघणारा प्रचंड व उष्ण धूर आणखी दोनशे-सव्वादोनशे मीटर चढतो असे धरल्यास परिणामी उंची ५०० मीटर येते. मोठ्या जहाजाचे धुराडे पाण्यापासून ४०-५० मीटर उंच असते, लहान जहाजांचे त्याहून पुष्कळ कमी. साहाय्यक एंजिनांचा धूर थोडा असल्यामुळे फारसा वर चढत नाही. शिवाय जहाजाच्या उंच बांधणीमागे वाऱ्याचे जे भोवरे निर्माण होतात ते त्याला खाली खेचतात. त्याची परिणामी उंची ५० मीटर धरू. उंचीत दहापट अंतर पडले म्हणजे जमिनीवरील घनतेत शंभरपट पडते. तात्पर्य, जहाजातून निघालेला एक किलो वायू माणसाच्या नाकाशी जितका पोचतो तितका पोचण्यास उंच धुराड्यातून शंभर किलो वायू निघावा लागेल.

या हिशेबाने दोन हजार जहाजांचे वीस जहाजे झाली. ३.५ टक्के गंधकाच्या काळात हीच संख्या तीनवर आली असती. धक्क्यावर व नांगरावर मिळून वीस जहाजे एका वेळी असणे ही मुंबईच्या बंदरात असाधारण गोष्ट नव्हे. अर्थात हे गणित स्थूल आहे. उंच धुराड्याचा कमाल परिणाम काही किलोमीटरांवर दिसतो, जहाजाचा मात्र बहुधा किलोमीटरभराच्या आत. सर्व जहाजांचा धूर एकाच जागी पडत नाही. तथापि उपायाची दिशा ठरविण्यास इतके पुरेसे आहे.

येथे पहिला भेद स्पष्ट होतो. उंच धुराडे गंधक नाहीसे करीत नाही, ते केवळ दूरवर पसरविते. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने, ज्या औष्णिक केंद्रांच्या दहा किलोमीटरांच्या परिसरात मोठी शहरे वा विशेष प्रदूषित म्हणून घोषित झालेली क्षेत्रे नाहीत, अशा केंद्रांना धुराड्याच्या उंचीची अट पाळली असता सल्फर डायऑक्साइडच्या मानकातून सूट दिली. उंचीच्या नियमावरील विश्वासाचे हे अलीकडील उदाहरण होय. हा नियम जवळच्या गावापुरता खरा आहे. दूरच्या हवेला मात्र तो काहीच सांगत नाही.

५. खारे वारे आणि मतलई वारे

किनाऱ्यावर वारा दिवसातून दोनदा दिशा बदलतो. दुपारी तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री निवलेल्या जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे जातात. शालेय भूगोलातील हा धडा बंदराच्या हवेच्या अभ्यासात पायाभूत ठरतो.

मुंबईची रचना या बाबतीत विलक्षण आहे. शहर पश्चिमेस खुल्या समुद्राला भिडलेले असले तरी त्याचे बंदर पूर्वेच्या बाजूस, आडोशाला आहे. १८८० ची प्रिन्सेस गोदी, १८८८ ची व्हिक्टोरिया गोदी व १९१४ ची अलेक्झांड्रा (आजची इंदिरा) गोदी या शहराच्या पूर्व किनाऱ्यावर बांधल्या गेल्या. खाडीपलीकडे, उरण तालुक्यात, १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. २०२४-२५ या वर्षात तेथे सुमारे ७३ लाख प्रमाण-कंटेनरांची हाताळणी झाली. साहजिकच दुपारच्या पश्चिमी खाऱ्या वाऱ्यांबरोबर गोद्यांतील व नांगरलेल्या जहाजांचा धूर शहरापासून दूर, उरण-पनवेल व नवी मुंबईकडे जातो. रात्री व पहाटे पूर्वेकडील मंद मतलई वारे हाच धूर शिवडी, माझगाव, वडाळा या वस्त्यांवर आणू शकतात. एकाच जहाजाचा धूर दिवसा एका किनाऱ्याला आणि रात्री दुसऱ्या किनाऱ्याला मिळतो.

पहाटेच्या धुराला हिवाळ्यात आणखी एक प्रतिकूल गोष्ट मिळते. जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार अशी तापमानाची विपरीतता निर्माण झाली म्हणजे मिश्रणस्तर शे-दोनशे मीटरांवर येतो आणि त्याखाली सोडलेला धूर तेथेच कोंडतो. होटगीसारख्या उंच धुराड्याचा धूर अनेकदा या झाकणाच्या वर सुटतो, जहाजाचा मात्र बहुतेक वेळा त्याच्या खाली.

दिवसाही एक विशेष घटना घडते. समुद्रावरून येणारी हवा स्थिर असते व तीत धुराचा पट्टा न विखुरता दूरवर वाहत येतो. ही हवा तापलेल्या जमिनीवर शिरली की खालून घुसळू लागते. हा घुसळणारा थर किनाऱ्यापासून आत जावे तसतसा जाड होतो. धुराचा पट्टा जेथे या थराला गाठतो तेथे तो एकदम जमिनीपर्यंत खाली उतरतो. म्हणून धुराचा सर्वांत अधिक त्रास अगदी काठावर न होता काही किलोमीटर आत होण्याचा संभव असतो. हवामापनाची यंत्रे केवळ धक्क्यावर बसविल्यास ही घटना नजरेतून निसटेल.

याशिवाय रात्री समुद्राकडे गेलेली हवा दुसऱ्या दिवशी खाऱ्या वाऱ्यांबरोबर परत येते. कालचा धूर आज, रासायनिक दृष्ट्या बदललेल्या रूपात, पुन्हा भेटतो. पावसाळ्यातील जोरदार नैर्ऋत्य वारे व पाऊस हे चक्र मोडतात. म्हणूनच या प्रश्नाचा खरा ऋतू ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा होय.

६. रूपांतर आणि अंतर

सल्फर डायऑक्साइडचे सल्फेटमध्ये रूपांतर कोरड्या हवेत सावकाश, तासाला एखाद्या टक्क्याने होते. दमट कणांत व ढगांच्या थेंबांत ते फार वेगाने घडते, आणि किनाऱ्यावर दमटपणाची वाण नसते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून बनलेले नायट्रिक आम्ल समुद्री मिठाच्या कणांशी संयोग पावून सोडियम नायट्रेट बनविते व हायड्रोजन क्लोराइड मोकळा करते. सारांश, किनाऱ्यावर मोजलेला कण सागराचा की मानवाचा, हा प्रश्न नेहमीच सोपा नसतो.

सल्फेटचे कण हवेत कित्येक दिवस राहतात. सेकंदास पाच मीटर वेगाचा पश्चिमी वारा तीनशे किलोमीटर अंतर सोळा-सतरा तासांत तोडतो. या न्यायाने अरबी समुद्रावरील हवा एका दिवसात होटगीस पोचू शकते. मात्र वाटेत सह्याद्रीचा पाऊस, विरलता व जमिनीवरील निक्षेप यांमुळे जहाजांचा अंश फार क्षीण होतो, आणि सोलापूरच्या हवेत रस्त्यावरील धूळ, वाहने, सिमेंट व कोळसा हेच मुख्य घटक मानावे लागतात. सोलापूर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीतील शहर आहे ते समुद्रामुळे नव्हे.

जागतिक दृष्टीने मात्र अंतराचा विचार वेगळा आहे. जहाजांच्या धुरापैकी सुमारे सत्तर टक्के धूर जमिनीपासून चारशे किलोमीटरांच्या आत सुटतो असे कॉर्बेट व सहकाऱ्यांनी दाखविले. २००७ मध्ये त्यांनी जहाजांच्या सूक्ष्म कणांमुळे जगात वर्षाला सुमारे साठ हजार अकाली मृत्यू होतात, व त्यांतील पुष्कळसे युरोप, पूर्व आशिया व दक्षिण आशियाच्या किनाऱ्यांजवळ होतात, असा अंदाज वर्तविला. सोफिएव्ह व सहकाऱ्यांच्या २०१८ मधील अभ्यासाने अधिक व्यापक गृहीते घेऊन असे मांडले की, ०.५ टक्क्याची मर्यादा पाळली गेल्यावरही ही संख्या अडीच लाखांच्या आसपास राहील. दोन आकड्यांतील तफावत ही आरोग्यपरिणामांच्या गणिताची अनिश्चितता दाखविते. धोका आहे की नाही याबद्दल मात्र दोहोंत मतभेद नाही.

७. ओळख पटविण्याची अडचण

बंदराच्या हवेत जहाजांचा वाटा किती, हे ठरविण्याची प्रचलित रीत व्हॅनेडियम व निकेल यांच्या मोजमापाची होती. जड तेलाच्या राखेत या दोन धातूंचे परस्परप्रमाण साधारण अडीच ते साडेतीन असते. हवेतील कणांत तेच प्रमाण आढळले म्हणजे जहाजांकडे बोट दाखविता येई. २०२० नंतरच्या इंधनांत व्हॅनेडियम पुष्कळ घटले आणि ही खूण पुसट झाली. ज्यांनी केवळ या खुणेवर विसंबून २०२० नंतर जहाजांचा वाटा घटला असा निष्कर्ष काढला असेल, त्यांनी तो फेरतपासावा. खूण कमी झाली म्हणजे धूर तितकाच कमी झाला असे नव्हे.

भारतात याहून एक सूक्ष्म अडचण आहे. गंधकाचा नवा नियम, रस्त्यावरील स्वच्छ डिझेल आणि कोविडची टाळेबंदी या तिन्ही गोष्टी २०२० च्या पहिल्या चार महिन्यांत एकापाठोपाठ आल्या. त्यामुळे 'आधी' आणि 'नंतर' यांची साधी तुलना येथे निरुपयोगी ठरते. वाऱ्याची दिशा, दिवसाचा प्रहर व जहाजांच्या आगमन-निर्गमनाची नोंद यांची सांगड घालूनच उत्तर मिळेल. जहाजांवरील स्वयंचलित ओळखयंत्रणेमुळे प्रत्येक जहाजाचे स्थान क्षणोक्षणी कळते, हे या कामास मोठे साहाय्य होय. उपग्रहांचाही उपयोग आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेपासून सुमात्र्यापर्यंतचा जहाजमार्ग नायट्रोजन डायऑक्साइडच्या रेघेच्या रूपाने उपग्रहास दिसतो हे बाइर्ले व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले.

८. उपायांची परीक्षा

आता प्रारंभी सांगितलेल्या कसोटीवर उपाय घासून पाहू.

पहिला उपाय, कमी गंधकाचे इंधन. तेलशुद्धीकरणात हायड्रोजनच्या साहाय्याने गंधक वेगळे करून ते घन रूपात मिळविता येते, व त्याचा खतांसाठी उपयोग होतो. येथे गंधक खरोखरच धुरातून नाहीसे होते. या उपायास एक किंमत आहे. सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परावर्तित करून पृथ्वीला थोडा गारवा देत होते, तो कमी झाला. पण माणसाच्या फुप्फुसाला सावलीचे साधन बनविणे न्याय्य नव्हे.

दुसरा उपाय, जहाजावरच धूर धुण्याचे यंत्र. जड तेल जाळायचे आणि समुद्राच्या पाण्याने धूर धुऊन ते पाणी समुद्रात सोडायचे, अशी ही युक्ती नियमास मान्य आहे. समुद्रात मुळातच लिटरमागे अडीच ग्रॅमहून अधिक सल्फेट असते, त्यामुळे गंधकाची चिंता थोडी. परंतु त्याबरोबर काजळी, धातू व तेलकट संयुगेही उथळ खाड्यांत उतरतात. हवेतील भार पाण्यावर जातो, म्हणजे हे स्थलांतरच होय.

तिसरा उपाय, धक्क्यावर जहाजाला किनाऱ्यावरून वीज देणे व त्याची एंजिने बंद ठेवणे. स्वीडनमधील गोथेनबर्ग बंदराने २००० पासून व कॅलिफोर्नियाने २०१४ पासून सक्तीने हा मार्ग चोखाळला. भारताच्या 'हरित सागर' मार्गदर्शक सूचनांतही (२०२३) त्याचा पुरस्कार आहे. बंदरालगतच्या वस्तीसाठी यासारखा दुसरा उपाय नाही. परंतु ही वीज येते कोठून?

आपले दीड मेगावाटचे जहाज पुन्हा घेऊ. त्याची ३६,००० किलोवाट-तास वीज होटगीसारख्या केंद्रातून आली तर साडेतेवीस टन कोळसा जळेल. गंधक काढण्याची सोय नसल्यास त्यातून सुमारे १८५ किलो सल्फर डायऑक्साइड निघेल. जहाजाने स्वतःच्या एंजिनातून ८० किलो सोडला असता. म्हणजे गंधक दुपटीहून अधिक वाढले. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा हिशेब मात्र उलट आहे. घनमीटरला ४५० मिलिग्रॅमचे मानक पाळले तर किलोवाट-तासास पावणेदोन ग्रॅम, म्हणजे दिवसाला साठ-पासष्ट किलो ऑक्साइडे निघतील. जहाजातून ती ३६० किलो निघाली असती. उरणची हवा सुधारते, उंच धुराड्यामुळे होटगीच्या जमिनीवरील वाढही अल्पच राहते, पण एकूण गंधक वाढते व ते सल्फेट होऊन दख्खनच्या हवेत पसरते. ही वीज सौर वा पवनऊर्जेची असेल, अथवा केंद्राचा धूर धुतला जात असेल, तरच या उपायाला धूर नाहीसा करणे म्हणता येईल. एरवी तो धूर लोहमार्गाच्या उलट दिशेने, तारेतून, होटगीस पाठविणे होय.

९. वाढवणचा प्रश्न

हा विचार आज निकडीचा झाला आहे, कारण पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यातील वाढवण येथे महाराष्ट्राचे नवे बंदर होऊ घातले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये त्यास मान्यता दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक असून, पूर्ण झाल्यावर वर्षाला २३२ लाख प्रमाण-कंटेनर हाताळण्याची क्षमता योजिली आहे. न्हावा-शेवाच्या २०२४-२५ मधील हाताळणीच्या हे तिप्पट आहे.

डहाणूचा इतिहास या संदर्भात बोधप्रद आहे. हा तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये तेथे पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले व न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. चिकूच्या बागा, मासेमारी व आदिवासी पाडे यांच्या परिसरात असलेल्या ५०० मेगावाटच्या औष्णिक केंद्राला धुरातील गंधक काढून टाकण्याचे यंत्र बसवावे लागले ते या प्राधिकरणाच्या आग्रहामुळे. २००७ मध्ये ते कार्यान्वित झाले. देशात अशा यंत्राची सक्ती होण्यापूर्वी कित्येक वर्षे हे घडले. याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये वाढवण बंदरास परवानगी दिली.

ज्या तालुक्याने जमिनीवरील उंच धुराड्याचा धूर धुवून घेतला, त्याच तालुक्यासमोर आता अनेक ठेंगणी धुराडी समुद्रात उभी राहतील. दुपारचे खारे वारे मुंबईप्रमाणे येथे बंदराचा धूर वस्तीपासून दूर नेणार नाहीत. बंदर वस्तीच्या पश्चिमेस असल्यामुळे ते सरळ किनाऱ्यावर व बागांवर आणतील. वाऱ्याची दिशा बदलणे मनुष्याच्या हाती नाही. इंधन आणि वीज मात्र त्याच्या हाती आहेत.

यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, बंदर सुरू होण्यापूर्वी डहाणू परिसरात किमान काही हिवाळ्यांची हवा, प्रहरवार व वाऱ्याच्या दिशेसह, मोजून ठेवली पाहिजे. केवळ धक्क्यावर नव्हे, तर किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटर आतही. पूर्वस्थितीची नोंद नसेल तर पुढे तक्रार करणाऱ्याला पुरावा उरत नाही. मुंबईत हीच उणीव जाणवते. दुसरी, युरोपीय संघाने २०१० पासून धक्क्यावरील जहाजांना ०.१ टक्के गंधकाचे बंधन घातले आहे. आपल्या हिशेबाप्रमाणे एवढ्यानेच दिवसाचे ८० किलो १६ वर येतात, आणि त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागत नाही. तिसरी, धक्क्यावर वीज देण्याची योजना आखताना ती वीज ज्या केंद्रातून येणार त्या केंद्राचा धूरही हिशेबात धरला पाहिजे.

शेवटची गोष्ट आपल्या विभागाच्या अभ्यासकांसाठी विशेष आहे. किनाऱ्यावरील विद्यापीठे बंदराची बाजू मोजतील. तारेच्या या टोकाची बाजू मोजण्याचे काम मात्र सोलापूरकरांचे आहे. होटगीच्या परिसरात सल्फेटचे मापन ऋतुवार व सातत्याने झाले, तर पुढील दशकात बंदरांची वीज वाढत जाईल तेव्हा तिचा भार कोठे पडला हे अनुमानाने नव्हे, आकड्यांनी सांगता येईल.